न्हाणीघरापर्यंतचा हिशेब : लहान उत्पादकाने आपल्या वस्तूची सुरक्षितता कशी सांभाळावी

रबाळ्याच्या एमआयडीसीतील एखाद्या गाळ्यातून संध्याकाळी टेम्पो भरून गीझर निघतात, भिवंडीच्या गोदामात उतरतात, तेथून विक्रेत्याकडे आणि शेवटी कोणाच्या तरी न्हाणीघरात भिंतीवर चढतात. त्या भिंतीखाली माणूस ओल्या अंगाने आणि अनवाणी उभा असतो, आणि त्याच्या डोक्यावर २३० व्होल्टची वीज, तापलेले पाणी आणि दाबाखालची टाकी अशा तीन गोष्टी एकाच पत्र्याच्या डब्यात बसवलेल्या असतात. म्हणूनच या लेखासाठी उदाहरण म्हणून साठवणीचा विजेवरचा गीझर घेतला आहे. मिक्सर, इस्त्री, खेळणी किंवा प्रेशर कुकर बनवणाऱ्यालाही पायऱ्या याच लागतात. केवळ धोक्यांची नावे बदलतात.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये वीस-पंचवीस माणसांवर चालणारे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे सुरक्षिततेसाठी स्वतंत्र विभाग नसतो. मालक, एक डिझाइन पाहणारा, एक क्वालिटीचा माणूस आणि सुपरवायझर एवढ्यांनीच सगळे निभावायचे असते. पुढील कार्यपद्धती त्यांना झेपेल अशीच मांडली आहे. ती लिहिताना मी क्वालिटीच्या टेबलावर बसून केलेल्या चुकाही जमेस धरल्या आहेत.

वस्तू कोणाच्या हाती पडणार, हे आधी लिहून काढा

डिझाइनला हात घालण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि आपली वस्तू कुठे बसणार, कोण बसवणार, कोण वापरणार आणि कोण उघडणार, हे नावानिशी नव्हे पण ठिकाणानिशी लिहावे. ‘सर्वसाधारण ग्राहक’ असे लिहून हा कागद संपवता येत नाही, कारण तसा ग्राहक कोठेच राहत नाही.

गीझरच्या बाबतीत आमच्या कागदावर पहिली नोंद कळव्याच्या एका चाळीची होती. तेथील जुन्या वायरिंगमध्ये तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण अर्थिंगच्या भोकामागे तार असेलच असे नाही. दुसरी नोंद घोडबंदर रस्त्यावरील तीस मजली इमारतीची. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब वाढतो; मजला तीन मीटरचा धरला, तर गच्चीवरच्या टाकीचा तळमजल्यावरील दाब नऊ बारच्या आसपास जातो. मधल्या मजल्यांवर दाब कमी करणाऱ्या झडपा बसवलेल्या असतात, मात्र त्या बिघडल्याचे आपल्याला कोणी कळवत नाही. आठ बारसाठी बनवलेला गीझर अशा घरात गेला तर काय होईल, हा प्रश्न विक्रीनंतर विचारून उपयोग नसतो. तिसरी नोंद टँकरच्या जड पाण्याची होती, ज्यात पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर क्षाराचा थर चढतो आणि टाकी गंजू नये म्हणून बसवलेली मॅग्नेशियमची कांडी अपेक्षेपेक्षा लवकर झिजते. चौथी भाड्याच्या घराची. तेथे गीझर घरमालकाचा, वापर भाडेकरूचा आणि माहितीपुस्तिका कोणाकडेच नाही.

यापुढे गैरवापराची यादी करावी. टाकी भरण्यापूर्वी बटण दाबणे, अंघोळ चालू असताना गीझर चालू ठेवणे, रात्रभर बंद करायला विसरणे, ठिबकणारी झडप बुजवणे, प्लगची अर्थिंगची पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात घालणे, हे सगळे घडते आणि पुढेही घडत राहील. ‘ग्राहकाने चुकीचे वापरले’ हे वाक्य कारखान्यात फार सहज उच्चारले जाते. जी चूक आपल्याला आधीच दिसत होती, ती आपल्या डिझाइनच्या कक्षेत येते, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे आणि पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

धोके मांडताना गुणाकारावर विसंबू नका

यादी झाली की प्रत्येक भागासमोर तो कसा निकामी होईल, त्याचा परिणाम काय होईल आणि तो आपल्याला कसा कळेल, हे लिहावे. या पद्धतीला एफएमईए म्हणतात. तिचे मूळ अमेरिकी लष्कराच्या १९४९ सालच्या कार्यपद्धतीत आहे. परिणामाची तीव्रता, घडण्याची शक्यता आणि पकडले न जाण्याची शक्यता यांना एक ते दहा गुण देऊन त्यांचा गुणाकार करण्याची प्रथा अनेक वर्षे चालली, आणि लहान कारखान्यांत ती अजूनही चालते.

या गुणाकारात एक सापळा आहे. टाकी फुटून माणूस दगावणे याला तीव्रता दहा, शक्यता एक आणि पकडले न जाणे तीन असे गुण दिले तर तीस होतात. बाहेरच्या रंगावर ओरखडा पडणे याला दोन, आठ आणि तीन दिले तर अठ्ठेचाळीस. कागदाप्रमाणे चालायचे तर आधी रंगाचे काम हाती घ्यावे लागेल. मोटार उद्योगाच्या २०१९ सालच्या नव्या एफएमईए हस्तपुस्तिकेने हा गुणाकार सोडून दिला आणि तीव्रतेला पहिला मान दिला, त्यामागे हेच कारण होते. आपल्याकडे मोठे सॉफ्टवेअर नसले तरी चालेल, मात्र ज्या ओळीत तीव्रता नऊ किंवा दहा आहे ती ओळ, बाकीचे आकडे कितीही लहान असले तरी, लाल पेनने वेगळी काढावी आणि मालकाने त्यासमोर स्वतः सही करावी.

लाल ओळींवर उपाय शोधताना क्रम ठरलेला आहे. शक्य असेल तर धोकाच काढून टाकायचा. तो निघत नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये अडसर घालायचा. आणि तेही पुरेसे नसेल तरच सूचना लिहायची. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा चालतो, कारण स्टिकर छापणे सर्वांत स्वस्त पडते.

डिझाइन : पाणी, दाब आणि एक हिरवी-पिवळी तार

आता गीझरमधील वीज, तापलेले पाणी आणि दाब या तीन धोक्यांकडे जरा जवळून पाहू. पंचवीस लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांपर्यंत तापवले की ते साधारण अर्धा लिटर फुगते. गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी एकदिशा झडप असल्यामुळे हे जादा पाणी मागे जाऊ शकत नाही आणि नळ बंद असेल तर पुढेही जाऊ शकत नाही. त्यासाठी सुरक्षा झडपेला एक बारीक तोंड असते आणि दाब वाढला की त्यातून पाणी ठिबकते. हे ठिबकणे म्हणजे झडप नीट काम करत असल्याची खूण आहे. पण घरच्या माणसाला ती गळती वाटते, तो प्लंबरला बोलावतो आणि प्लंबर टेफलॉनची टेप गुंडाळून किंवा बूच मारून ती ‘दुरुस्त’ करून देतो.

यावर ‘झडप बुजवू नये’ असे लिहून आम्ही काही वर्षे काढली. अखेर उपाय सापडला तो साधाच होता. झडपेच्या तोंडाला बारीक नळी बसेल अशी रचना केली, ती नळी खोक्यातच दिली आणि ठिबकणारे पाणी न्हाणीच्या मोरीकडे नेण्याची सोय केली. कोणाच्या डोक्यावर थेंब पडेनासा झाला, तेव्हा झडप बुजवण्याचे कारणच उरले नाही. माणसाला चूक करावीशी का वाटते, हे कळले की अर्धे डिझाइन तेथेच होते.

तापमानाचे संरक्षण दोन स्वतंत्र पायांवर उभे असावे. पहिला पाय ठरलेल्या तापमानाला वीज बंद-चालू करणारा रोजचा थर्मोस्टॅट, दुसरा थर्मल कटआउट. थर्मोस्टॅटचे संपर्क वितळून चिकटले तर कटआउटने वेगळ्या संपर्कांतून वीज तोडली पाहिजे, आणि एकदा तोडल्यावर हाताने रीसेट केल्याशिवाय ती पुन्हा जोडली जाता कामा नये. आपोआप पुन्हा जोडणारा कटआउट ग्राहकाला आवडतो, कारण तक्रारच येत नाही. परंतु मूळ बिघाड तसाच दडून राहतो आणि एक दिवस कटआउटही थकतो. त्यानंतर पाणी शंभर अंशांच्या पुढे दाबाखाली तापत राहते. अशी टाकी फाटली की पाण्याच्या काही भागाची क्षणात वाफ होते, आणि एका लिटर पाण्याची वातावरणाच्या दाबाला साधारण सोळाशे लिटरहून अधिक वाफ होते, एवढे सांगितले म्हणजे दुसऱ्या पायाचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही. ज्या गीझरमध्ये यापुढे वितळणारा सुरक्षा प्लगही असतो, त्यात तिसरा आडोसा मिळतो.

भाजण्याचा धोका यापेक्षा साधा आणि अधिक नित्याचा आहे. साठ अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी अवघ्या काही सेकंदांत खोलवर भाजते. लहान मुलांची आणि वृद्धांची त्याहूनही लवकर. म्हणून कारखान्यातून निघताना थर्मोस्टॅट कोणत्या अंशावर लावलेला असेल, हा निर्णय असेंब्लीच्या माणसावर सोडू नये. तो ड्रॉइंगमध्ये लिहिलेला असावा.

अर्थिंगच्या तारेबद्दल एक लहानशी गोष्ट सांगतो. केबल ओढली गेली आणि तिची पकड सुटली, तर आतल्या तीन तारांपैकी कोणती आधी ताणली जाते, हे तारांच्या लांबीवर ठरते. हिरवी-पिवळी तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवली की आधी फेज आणि न्यूट्रल ताणल्या जातात आणि अर्थिंग शेवटपर्यंत टिकते. मानकाची अपेक्षाही हीच आहे. त्यासाठी दोन-तीन सेंटिमीटर तार जास्त लागते. खर्च वाचवण्यासाठी तारा समान कापण्याची सूचना आली, तर ती कोणाच्या सहीने आली हे जपून ठेवावे.

मानक आणि परवाना

विजेच्या अनेक घरगुती वस्तूंना भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय शिक्का बंधनकारक आहे. साठवणीचा गीझर त्यांत येतो. घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेचे सर्वसाधारण मानक आयएस ३०२, साठवणीच्या गीझरचे आयएस २०८२, प्लग-सॉकेटचे आयएस १२९३ आणि प्रेशर कुकरचे आयएस २३४७. ब्युरोचे पश्चिम विभागाचे कार्यालय मुंबईतच आहे, तेव्हा ठाणे-नवी मुंबईच्या उत्पादकाला शंका विचारायला लांब जावे लागत नाही. परवान्याबरोबर येणाऱ्या तपासणी-योजनेत कोणती चाचणी प्रत्येक नगावर आणि कोणती ठराविक नगांवर करायची, हे स्पष्ट दिलेले असते. तो कागद फायलीत न ठेवता लाइनजवळ लावावा. मानक ही किमान पातळी आहे. कळव्याच्या चाळीतील अर्थिंग नसलेले सॉकेट मानकाच्या प्रयोगशाळेत येत नाही.

पुरवठादार : भाग कोणाचा हे नव्हे, भाग कसा आहे हे पाहा

अपघाताची बीजे बहुधा खरेदीच्या टेबलावर पडतात. थर्मोस्टॅटचा नेहमीचा लॉट उशिरा येणार असतो, डिस्पॅचची तारीख डोक्यावर असते आणि कोणी तरी बाजारातून ‘अगदी तसाच’ भाग उचलून आणतो. आकार जुळतो, स्क्रू जुळतात, पेटीवरचे आकडेही जुळतात. आतील संपर्कांची धातू जुळते की नाही, हे मात्र वर्षभराने कळते.

सुरक्षेशी थेट संबंध असलेल्या भागांची एक छोटी यादी करावी. गीझरमध्ये ती साधारण अशी होईल : थर्मोस्टॅट, कटआउट, सुरक्षा झडप, एलिमेंट, केबल आणि प्लग, टाकीचे वेल्डिंग. या यादीतील भागाचा पुरवठादार, साहित्य, कारखान्याची जागा किंवा बनवण्याची रीत यांपैकी काहीही बदलले, तर डिझाइन आणि क्वालिटी या दोघांच्याही सहीशिवाय तो भाग लाइनवर जाता कामा नये. बाकी मालाला आयएस २५००च्या तक्त्याप्रमाणे नमुने काढून तपासणे ठीक आहे, पण या यादीतील भागांना नमुन्याच्या भरवशावर सोडू नये.

पुरवठादार बदलणे म्हणजे दोष दूर करणे नव्हे, याचा धडा २०१६ साली साऱ्या जगाने पाहिला. सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्यावर कंपनीने फोन परत मागवले आणि दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या घातलेले फोन दिले. तेही पेटू लागले. पुढे तपासात निघाले ते असे की, पहिल्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात इलेक्ट्रोड दुमडला जात होता आणि दुसरीत वेल्डिंगचे अणकुचीदार टोक आतील आडोसा भेदत होते. दोन पुरवठादार, दोन निराळे दोष आणि मधल्या काळात मूळ कारण शोधण्याआधीच केलेली बदली.

आमचा स्वतःचा अनुभव एवढा मोठा नाही, पण तो या दमट पट्ट्यातील प्रत्येकाच्या कामाचा आहे. एका जुलै महिन्यात सकाळच्या पाळीत हाय-व्होल्टेज चाचणीत (जास्त व्होल्ट लावून वीज कुठे गळते का, हे पाहण्याच्या चाचणीत) गीझर पटापट नापास होऊ लागले, आणि दुपारी तेच नग पास होत. सुपरवायझरने उपाय शोधला होता : नापास नग थोडा वेळ चालू करून तापवायचा आणि पुन्हा चाचणीला लावायचा. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते. टोकांचे सील कच्चे असेल तर ती पावसाळी हवेतील ओल शोषते आणि तिचा विद्युतरोध घसरतो. तापवले की ओल उडते, चाचणी पार पडते आणि दोष पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद होऊन न्हाणीघरात जातो. तेथे ओलीला तोटा नसतो. आम्ही रॅक शटरपासून आत हलवले, पुरवठादाराकडून टोकांचे सिलिकॉन सील सुधारून घेतले आणि आलेल्या प्रत्येक एलिमेंटला ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासणे सुरू केले. ‘तापवून पास’ हा प्रकार लेखी बंद केला. ओलीला हलके लेखणाऱ्यांसाठी टकाटा या जपानी कंपनीच्या मोटारींमधील एअरबॅगचे उदाहरण आहेच : एअरबॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमधील अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवामानात वर्षानुवर्षे राहून बिघडले आणि केवळ अमेरिकेतच सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत मागवण्याच्या यादीत गेले.

लाइनवर : चुकता येणार नाही अशी मांडणी

माणूस चुकू नये म्हणून त्याला ओरडण्यापेक्षा चूक करणेच अवघड होईल अशी मांडणी करावी. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी ‘पोका-योके’ या नावाने ही रीत रूढ केली. उलटे बसूच शकणार नाही असे फिक्स्चर, ठराविक ताकदीला सुटणारा टॉर्क ड्रायव्हर, मोजून दिलेले स्क्रू (ट्रेमध्ये एक उरला तर कुठे तरी एक बसायचा राहिला), एवढ्या साध्या गोष्टींनी खूप फरक पडतो. टर्मिनलचा सैल स्क्रू हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक दोष आहे. दोन किलोवॉटच्या गीझरमधून जवळपास नऊ अँपिअर वाहतात, सैल जोड तापतो, तापून आणखी सैल होतो आणि प्लास्टिकचे आवरण काळे पडू लागते. कंत्राटी कामगार बदलत राहतात, तेव्हा कामाची सूचना मराठीत आणि हिंदीत, चित्रासह, त्या त्या टेबलावरच लावावी.

शेवटी प्रत्येक नगाची विद्युत चाचणी येते, आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी अर्थिंगचे सातत्य, मग हाय-व्होल्टेज, नंतर प्रत्यक्ष चालवून पाहणे. आंतरराष्ट्रीय मानकाच्या, म्हणजे आयईसी ६०३३५-१च्या, परिशिष्टात नेहमीच्या उत्पादनासाठी दिलेली रीत अशी आहे की, अर्थिंगच्या मार्गातून किमान १० अँपिअर प्रवाह सोडून रोध ०.१ ओहमच्या आत, आणि केबल जोडलेली असेल तर ०.२ ओहमच्या आत, असल्याची खात्री करावी. त्यानंतर साध्या इन्सुलेशनवर एक सेकंद १००० व्होल्ट लावावेत. आपल्या परवान्याच्या तपासणी-योजनेत वेगळे आकडे असतील तर अर्थातच ते पाळावेत. अर्थिंगसाठी मल्टीमीटर चालणार नाही. तो इतका क्षीण प्रवाह सोडतो की तांब्याच्या एकाच केसावर लटकलेला जोडही त्याला ठणठणीत दिसतो. १० अँपिअर वाहिले की तोच जोड तापून उघडा पडतो.

याच टेबलावर आमच्याकडून घडलेली चूक आता सांगायला हवी. एके दिवशी चाचणीवरचा हेल्पर माझ्याकडे येऊन म्हणाला, “साहेब, सगळ्यांना शून्यच येतंय.” मी विचारले, “मग बरंच आहे की?” तो तेथून हलला नाही. “कालपण शून्य. परवा दुपारनंतर पण शून्यच.” उठून पाहिले तेव्हा लक्षात आले की, हाय-व्होल्टेज चाचणीत गीझरच्या बॉडीला लावायच्या चिमट्याची तार आवरणाच्या आतच तुटलेली होती. प्रवाह वाहायला मार्गच नव्हता, त्यामुळे गळती शून्य, आणि यंत्र प्रत्येक नगाला हिरवा दिवा देत होते. चांगल्या गीझरलाही थोडीशी गळती असतेच. शून्य हा आकडाच खोटा होता आणि तो माझ्याआधी त्या मुलाला खटकला.

त्या अडीच दिवसांचा सगळा माल आम्ही थांबवला. बराचसा आमच्याच गोदामात होता, चाळीस नग भिवंडीला गेलेले आणि सहा एका विक्रेत्याकडून घरोघर पोहोचलेले. त्या सहा घरांना त्याच संध्याकाळी फोन करून गीझरचे बटण बंद ठेवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून प्रत्येक नग तपासला. ते सहाही ठीक निघाले. आमच्याच गोदामातील एक नग मात्र फेरचाचणीत खरोखर नापास झाला.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. पाळी सुरू होताना, जेवणाच्या सुट्टीनंतर आणि पाळी संपताना, मुद्दाम खराब करून लाल रंगवलेला एक नग यंत्राला लावायचा. तो नापास झाला तरच आधीचा आणि पुढचा माल खरा. आणि यंत्रावर गळतीची केवळ वरची नव्हे, तर खालचीही मर्यादा लावायची. यंत्राचे वार्षिक कॅलिब्रेशन एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावेच. परंतु कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र भिंतीवर असतानाच आमची तार तुटली होती.

सूचना, बसवणारा आणि कायदा

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले. कलम ८४ प्रमाणे उत्पादनातील दोष, डिझाइनमधील दोष, ठरलेल्या निकषांपासून ढळणे, दिलेल्या हमीला न उतरणे आणि योग्य वापराच्या किंवा चुकीच्या वापराच्या धोक्याच्या पुरेशा सूचना न देणे, या कारणांनी उत्पादक जबाबदार ठरतो. वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात फेरफार केला गेला, तर कलम ८७ विक्रेत्याला बचाव देते. मात्र सूचना अपुरी होती असे दिसले तर मूळ प्रश्न पुन्हा आपल्याच दारात येतो.

म्हणून सूचना लिहिताना तीन गोष्टी एका वाक्यात याव्यात : काय करू नये, केले तर काय होईल आणि त्याऐवजी काय करावे. ‘सावधगिरी बाळगा’ याला काहीच अर्थ नाही. ‘गरम नळातून पाण्याची धार येईपर्यंत बटण दाबू नका; टाकी रिकामी असताना एलिमेंट जळतो’ हे वाक्य कोणालाही कळते. अशी दोन-तीनच वाक्ये मराठीत आणि हिंदीत थेट गीझरच्या अंगावर, बटणाकडे हात जाताना दिसतील अशी, पाण्याने न पुसणाऱ्या शाईत छापावीत. पुस्तिका भाडेकरूपर्यंत पोहोचत नाही, हे आपण पहिल्याच कागदावर लिहिले होते. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनसाठी वेगळे पान द्यावे, त्यात बसवल्यानंतर सॉकेटचे अर्थिंग तपासल्याची चौकट ठेवावी आणि ती भरल्याशिवाय हमीपत्र नोंदवू नये. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात असावा, हा सल्लाही तेथेच द्यावा.

अनुक्रमांक, तक्रारी आणि माल परत मागवणे

त्या सहा घरांपर्यंत एका संध्याकाळी पोहोचता आले, ते केवळ अनुक्रमांकामुळे. प्रत्येक नगावरील क्रमांकावरून बनवल्याचा दिवस, पाळी, एलिमेंट आणि थर्मोस्टॅटचा लॉट, चाचणीचे आकडे आणि डिस्पॅचचे चलन निघाले पाहिजे. साध्या एक्सेलमध्येही हे होते. अवघड भाग विक्रेत्याकडून ग्राहकाचा नंबर मिळवणे हा आहे. हमी नोंदवण्यासाठी क्यूआर कोड दिला की तो बराच सोपा होतो.

तक्रारी घेणाऱ्या व्यक्तीला काही शब्द पाठ करून द्यावेत, कारण ग्राहक ‘विद्युत गळती’ असे कधीच म्हणत नाही. ‘नळाला हात लावला की मुंग्या येतात’, ‘थोडा करंट लागतो’, ‘जळका वास येतो’, ‘टाकी फुगल्यासारखी वाटते’, ‘बटणाजवळ काळं झालंय’, यांपैकी एकही वाक्य कानावर पडले तर ती सर्व्हिस कॉलच्या रांगेत टाकायची तक्रार नव्हे. गीझर लगेच बंद करायला सांगावे, त्याच दिवशी क्वालिटीला कळवावे आणि तो नग दुरुस्त न करता परत आणावा. जागेवर भाग बदलून दिला की ग्राहक खूश होतो आणि पुरावा भंगारात जातो. परत आलेला नग उघडताना आधी फोटो, मग मोजमाप आणि मगच स्क्रू ड्रायव्हर.

एकाच लॉटमधील दोन नगांत तोच गंभीर दोष आढळला, तर तिसऱ्याची वाट पाहू नये. भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ मध्ये मानकात न बसणारा माल थांबवण्याची आणि परत घेण्याची तरतूद आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही घातक वस्तू परत मागवण्याचा आदेश देता येतो. आदेश येईपर्यंत थांबलेला उत्पादक आणि स्वतः फोन फिरवणारा उत्पादक यांच्याकडे बाजार निरनिराळ्या नजरेने पाहतो. कोणी निर्णय घ्यायचा, विक्रेत्यांना कोण कळवणार, ग्राहकाला फोनवर नेमके काय सांगायचे आणि परत आलेला माल कुठे कुलपात ठेवायचा, हे चार मुद्दे आधीच लिहून ठेवावेत, कारण त्या दिवशी कोणाचेच डोके ठिकाणावर नसते.

या तयारीची परीक्षा वर्षातून दोनदा घ्यावी. एखाद्या शनिवारी दुपारी, कोणालाही आधी न सांगता, जुन्या चलनातून एक अनुक्रमांक काढायचा आणि घड्याळ लावायचे : त्या नगात कोणत्या लॉटचा थर्मोस्टॅट आहे, त्याच लॉटचे आणखी किती नग बनले आणि त्यांतील प्रत्येक आज कुठे आहे? आमच्या पहिल्या परीक्षेत उत्तर यायला दोन दिवस लागले आणि अकरा नगांचा पत्ता लागलाच नाही. चलनावर अनुक्रमांक हाताने लिहिले जात होते आणि एका पानावर चहा सांडला होता. पुढच्या सोमवारी बारकोडचा स्कॅनर आला.